२ एकराचं शेत नकाशावर २ एकर ९ गुंठे का दाखवतंय?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी एक साधा नकाशा तयार करतोय. सभासदाने उपग्रहाच्या चित्रावर आपल्या शेताचे कोपरे एकेक टिचकी मारून दाखवायचे, आकार बंद झाला की खाली एकर-गुंठे यायला हवेत. त्याच आकड्यावर ड्रोन फवारणीचं बिल, तणनाशकाची मात्रा आणि सोयाबीनच्या बियाण्याची मागणी ठरणार. ओपनलेअर्स वापरलंय, म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवणारा तयार कोड-संच. काढलेल्या आकाराला थेट त्याचं क्षेत्रफळ विचारतो, चौरस मीटर येतात, त्यांना ४०४६.८६ ने भागतो. यात चुकण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं.

परवा एका काकांना शेजारी बसवून त्यांचं शेत काढलं. सातबारावर ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर, म्हणजे २ एकर. नकाशाने दाखवलं २ एकर ९ गुंठे. काका म्हणाले, "बाळा, चाळीस वर्षं या रानात पाळी घातली. नऊ गुंठे जास्तीचे असते तर मला कळलं असतं."

आधी वाटलं माझीच टिचकी इकडेतिकडे झाली. पुन्हा काढलं, पुन्हा ९. बांध सोडून आतून काढलं तर साडेपाच. मग आणखी दोघांची शेतं काढून बघितली, तीही दहा-बारा टक्क्यांनी जास्त. हात चुकत असता तर कधी कमी, कधी जास्त आलं असतं. इथे सगळं वाढीवच येतंय. इमॅझेथापायर १० टक्केवालं हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली धरलं तर काकांच्या २ एकरांत ९० मिलीच्या वर जास्तीचं औषध जाईल आणि बिलही वाढेल. म्हणून सगळं थांबवून ठेवलंय. कुणी सांगाल का?

गोदाकाठ (नांदेड)
भाऊ, थांबवलंत ते फार बरं केलंत. तुमच्या टिचक्या बरोबर आहेत. मोजमाप चुकीच्या कागदावर चाललंय.

वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या एका पद्धतीत असतात, त्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७. मर्केटर या नकाशाकाराने मूळ प्रक्षेपण १५६९ मध्ये जहाजांसाठी मांडलं, कारण त्यात होकायंत्राची दिशा सरळ रेघेने दाखवता येते. वेबवर ते चालतं कारण आकार वेडेवाकडे होत नाहीत आणि चौकोनी तुकडे नीट जुळतात. पण त्याची किंमत क्षेत्रफळात मोजावी लागते. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकी जमीन ताणली जाते. तुमच्या एककात 'मीटर' लिहिलेलं असतं खरं, पण तो मीटर विषुववृत्तावर खरा, लातूरला नाही.

लातूरच्या अक्षांशावर, १८.४ धरा, रेखांशाचा १ अंश जमिनीवर १०५.६६ किलोमीटर भरतो. वेब मर्केटरमध्ये तो जगात कुठेही १११.३२ किलोमीटरच असतो. अक्षांशाचा १ अंश जमिनीवर ११०.६९ किलोमीटर, आणि या कागदावर तुमच्याकडे ११७.३२. दोन्हीकडून ताण, गुणाकार केला की क्षेत्र ११.७ टक्के जास्त. ८१ आरचे साडेनव्वद आर होतात, ते २ एकर ९ गुंठे. तुमचा आकडा तंतोतंत बसतो.

उपाय एका ओळीचा आहे. ओपनलेअर्समध्ये आकाराचं स्वतःचं क्षेत्रफळ देणारी गोष्ट सपाट कागदावर मोजते. त्याच संचात 'स्फिअर' नावाचा भाग आहे, त्यातलं क्षेत्रफळ गोलावर मोजतं. ते घ्या. ते आकार ३८५७ मध्येच आहे असं गृहीत धरतं, त्यामुळे तुम्हाला रूपांतरही करावं लागणार नाही. लीफलेट हा दुसरा नकाशा-संच वापरणाऱ्यांसाठी लीफलेट-ड्रॉमध्ये जिओडेसिक, म्हणजे गोलावरच्या, क्षेत्रफळाची सोय आहे, आणि टर्फ या भूमितीच्या संचातलं क्षेत्रफळ मुळातच गोलावरचं आहे.

कपाशीवाला (जालना)
एवढं कशाला? सगळीकडे सारखंच जास्त येतंय ना, मग ०.९ ने गुणून टाका. दोन मिनिटांचं काम.

गोदाकाठ (नांदेड)
भाऊ, सगळीकडे सारखं येत नाही, हीच अडचण आहे. धाराशिवला वाढ ११.४ टक्के, लातूरला ११.७, आमच्या नांदेडला १२.७, छत्रपती संभाजीनगरला १३.७. एका मराठवाड्यातच दोन टक्क्यांहून जास्त फरक. दिल्लीकडचा कुणी हाच नकाशा वापरू लागला तर तिथे ३० टक्के. शिवाय उद्या कुणी कोडमध्ये योग्य सूत्र घातलं आणि तुमचं ०.९ तसंच राहिलं, तर प्रत्येक शेतकऱ्याची १० टक्के जमीन कमी दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. अशी ठिगळं लावू नका, कळकळीने सांगतो.

कपाशीवाला (जालना)
पटलं. संभाजीनगर-धाराशिवचा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

रेघोटी (परभणी)
मांजराकाठ दादा, दुरुस्ती केल्यावर ती बरोबर झाली हे कसं ओळखणार? प्रत्येक वेळी काकांना बोलावता येणार नाही. मी एक चाचणीचा चौकोन ठेवते, कोड बदलला की आधी तो चालवते. तुमच्या भागातला करून देते.

अक्षांश १८.४०० ते १८.४०१, रेखांश ७६.५०० ते ७६.५०१. चार कोपरे, एक हजारांश अंशाची बाजू.

पृथ्वीच्या खऱ्या, म्हणजे ध्रुवांकडे चपट्या आकारावर याचं क्षेत्र येतं ११,६९५ चौरस मीटर. २ एकर साडेपस्तीस गुंठे. आता तुमचा कोड काय म्हणतो ते बघा.

१३,०६० च्या आसपास आलं तर अजून वेब मर्केटरवरच मोजताय. ३ एकर ९ गुंठे दिसेल.

११,७५८ आलं तर गोल धरलाय आणि त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर घेतलीय, म्हणजे विषुववृत्ताची. गुगल मॅप्सच्या क्षेत्रफळात वेगळी त्रिज्या दिली नाही तर हीच धरली जाते, तसं त्यांच्या दस्तऐवजात लिहिलेलंही आहे. अर्धा टक्का जास्त.

११,७३२ आलं तर सरासरी त्रिज्या, ६३,७१,००९ मीटर. ओपनलेअर्सचं स्फिअर हीच धरतं. ०.३ टक्के जास्त.

०.०००००१ आलं तर ते चौरस अंश आहेत. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये ४३२६ मधल्या, म्हणजे अक्षांश-रेखांशात ठेवलेल्या, भूमितीला सरळ क्षेत्रफळ विचारलं की हेच मिळतं. तो आकडा १११ च्या वर्गाने गुणून 'चौरस किलोमीटर' करणारे मी बघितलेत. तसं केलं की १२,३२१ चौरस मीटर येतात आणि शेत पाच टक्क्यांनी फुगतं. पोस्टजीआयएसमध्ये भूमितीचा प्रकार 'जिऑग्रफी' करा, मग ते आपोआप चपट्या पृथ्वीवर मोजतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच दोन प्रकारचं क्षेत्र आहे. डॉलर-चिन्हाचं एरिया प्रकल्पात ठरवलेल्या लंबगोलावर, म्हणजे चपट्या पृथ्वीवर, मोजतं, आणि भूमिती कंसात देऊन विचारलेलं एरिया सपाट कागदावर. नाव एकच असल्यामुळे माणूस फसतो.

आणि २,९०० च्या जवळपास आलं तर अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. हे माझ्या बाबतीत घडलंय, म्हणून मुद्दाम लिहिते. जिओजेसन या नकाशाच्या फाइलींच्या साच्यात रेखांश आधी, लीफलेटमध्ये अक्षांश आधी. उलटं झालं की आपलं शेत ७६.५ उत्तर अक्षांशावर, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जातं. तिथे रेखांश इतके जवळ आलेले असतात की क्षेत्र पाव होतं. एका ताईंचं २ एकर शेत मी २० गुंठे दाखवलं होतं. त्या घाबरून तलाठ्याकडे निघाल्या होत्या. अजून वाईट वाटतं.

मांजराकाठ (लातूर)
ताई, तुमचा चौकोन चालवला. आधी १३,०५९.६. स्फिअर लावल्यावर ११,७३२. अंगावर काटा आला. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक विचारतो. हे उरलेलं ०.३ टक्के काढावं का? एका हेक्टरला ३२ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा.

रेघोटी (परभणी)
फवारणीसाठी गरज नाही असं माझं मत. पण काढायचंच असेल तर चार्ल्स कार्नी यांचा जिओग्राफिकलिब हा कोड-संच आहे. त्यांनी २०१३ मध्ये लंबगोलावरच्या रेषांचं आणि क्षेत्राचं गणित मांडलं, त्याची जावास्क्रिप्ट आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. माझ्याकडे तेच आहे, कारण मला एकदाच करून मोकळं व्हायचं होतं.

शिवारातला (हिंगोली)
मला कोडातलं काही कळत नाही, पण वाचायलो. मी मोबाइल हातात धरून बांधानं फिरून रान मोजायलो, एका ॲपमधी. दोनदा फिरलो तर दोन आकडे आले, चार गुंठ्याचा फरक. रान तर तेवढंच हाय की. मग हे बी मर्केटरनंच होतंय का?

गोदाकाठ (नांदेड)
नाही भाऊ, तुमचं कारण वेगळं आहे. मोबाइलचा जीपीएस उघड्या रानातही ३ ते ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो. साधारण ९० मीटर बाजूचं चौकोनी २ एकराचं रान घ्या आणि प्रत्येक कोपरा आडव्या-उभ्या दिशेने ३ मीटरच्या आसपास आपापला हलतोय असं धरा. हिशोब केला तर क्षेत्रात ३८० चौरस मीटरची चूक सहज येते. पावणेचार गुंठे. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे.

चारही कोपरे एकाच बाजूला सारखे सरकले तर मात्र क्षेत्र बदलत नाही, शेत नुसतं शेजारी सरकलेलं दिसतं. म्हणून सलग, न थांबता एका दमात फिरा. दुपारी अर्धं आणि संध्याकाळी अर्धं असं करू नका. लिंबाखालून, विहिरीच्या कठड्याला चिकटून गेलात तर आकाशाचा एक भाग झाकला जातो. कोपऱ्यावर जरा उभं राहून मगच खूण करा.

साखळीवाले काका (बीड)
मुलांनो, मी भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. नातवाने हा धागा दाखवला. वाचून बरं वाटलं की आकडा बरोबर यावा म्हणून कुणी तरी एवढं झगडतंय.

आमच्या वेळी शंकू-साखळीने मोजणी व्हायची. शेताच्या लांबीतून एक रेघ धरायची, प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाकायचा, लंबाची लांबी आणि तो रेघेवर कुठे पडला ते लिहायचं. म्हणजे शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन होतात. एकेकाचं क्षेत्र काढून बेरीज. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच गुंठा. ४० गुंठे एक एकर. नातू म्हणतो संगणकही हेच करतो.

रेघोटी (परभणी)
काका, अगदी हेच करतो. प्रत्येक बाजूखाली एक समलंब चौकोन, त्याचं क्षेत्र चिन्हासकट घ्यायचं. जाताना अधिक, परत येताना उणे, उरतं ते शेत. तुमची रेघ म्हणजे आमचा क्ष-अक्ष. तुम्ही मोजता ते जमिनीवर, आणि मांजराकाठ दादांचा कोड तेच गणित ताणलेल्या कागदावर करत होता. गणित एकच, पाया चुकला.

या चिन्हावरून आठवलं. कोपरे क्रम सोडून टिचकले आणि आकार आडव्या आठासारखा स्वतःलाच छेदून गेला, तर एक बाजू अधिक आणि दुसरी उणे होऊन क्षेत्र शून्याच्या जवळही येऊ शकतं. बाजू एकमेकींना छेदतात का, ते आकडा दाखवण्याआधी तपासा आणि सभासदाला तिथेच सांगा.

डोंगरपट्टा (अंबाजोगाई)
काका, बालाघाटात आमची जमीन उताराची आहे. नकाशा वरून सपाट बघतो. मग उताराची जमीन कमी भरत असेल ना? सातबाराचं क्षेत्र कोणतं धरायचं?

साखळीवाले काका (बीड)
बेटा, आम्हीही आडवंच क्षेत्र धरत होतो. उतारावर साखळी जमिनीला टेकवायची नाही, आडवी धरायची, ओळंबा सोडायचा आणि पायऱ्या-पायऱ्यांनी उतरायचं. म्हणजे सातबाराचं क्षेत्र आणि वरून दिसणारं क्षेत्र एकाच जातीचं आहे, त्यांची तुलना करता येते. १०० फुटांत १० फूट उतार असला तरी उतारावरची जमीन आडव्यापेक्षा जेमतेम अर्धा टक्का जास्त असते.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. बांधाची. टिचकी कुठे मारायची? बांधाच्या मध्यावर, आपल्या कडेला, की शेजाऱ्याच्या कडेला? मांजराकाठने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की आतून काढलं तर ९ चे साडेपाच गुंठे झाले. ९० मीटर बाजूच्या शेतात चारही बाजूंनी १ मीटर आत आलात तर ३५६ चौरस मीटर गेले, साडेतीन गुंठे. तुमच्या त्या ०.३ टक्क्यांपेक्षा दहापटीहून मोठी गोष्ट. आमच्याकडे बांधाचा मध्य धरायचा आणि हद्दीच्या निशाण्या बघायच्या. फवारणीला मात्र मध्य चालणार नाही, तिथे पीक नसतं. त्यामुळे सभासदाला तोंडी नाही, पडद्यावर लिहून सांगा की रेघ कुठून न्यायची.

आणि एक विनंती. या आकड्याखाली स्पष्ट लिहा की हा पीक-नियोजनापुरता आहे. भावाभावांच्या वाटणीत, बांध कोरल्याच्या तक्रारीत हा आकडा कुणी पुढे करू नये. त्यासाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करायचा, मोजणी होऊन 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्यायची. एका गुंठ्यावरून दोन घरं बोलेनाशी झालेली मी पाहिलीत.

किनवटकर
पोस्टजीआयएसवाल्यांसाठी एक गोष्ट. आमच्या इथले काहीजण यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांच्या प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात रूपांतर करून क्षेत्र काढतात. तो पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांशाचा, मध्यरेषा ७५. मराठवाडा जवळजवळ सगळा त्यात बसतो, पण किनवट ७८.२ वर आहे, म्हणजे ४४ व्या पट्ट्यात. मग जिल्हा नांदेड एक आणि पट्टे दोन. चुकीच्या पट्ट्यात काढलं तर किती चुकेल?

गोदाकाठ (नांदेड)
घाबरण्यासारखं नाही. ४३ मध्ये किनवटचं क्षेत्र ०.२ टक्के जास्त येईल. यूटीएममध्ये मध्यरेषेवर लांबी मुद्दाम ०.९९९६ पट ठेवलेली असते, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर-बीडकडे क्षेत्र ०.०८ टक्क्यांच्या जवळपास कमी येतं. पूर्वेला सरकत गेलं की भरपाई होते, आणि योगायोगाने लातूरच्या आसपास ते जवळजवळ तंतोतंत बरोबर असतं. वेब मर्केटरच्या ११ टक्क्यांपुढे हे काहीच नाही. तरी दोन पट्ट्यांची कटकट नको म्हणून मी जिऑग्रफीच वापरतो.

कपाशीवाला (जालना)
मीही आता माझं तपासलं. मी मॅपलिब्रे या नकाशा-संचात आधीच असलेल्या गटांवर टिचकी मारून क्षेत्र दाखवतो. टर्फ वापरलंय, म्हणजे गोलावरचंच. तरी एकाच गटाचं क्षेत्र झूम बदलला की बदलतंय. चाचणीचा चौकोन बरोबर येतो. काय असेल?

रेघोटी (परभणी)
दादा, तुम्ही पडद्यावर रंगवलेला तुकडा उचलताय. व्हेक्टर टाइल्समध्ये, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांत, गट चौकोनांच्या कडेला कापला जातो, आणि लांबच्या झूमला कोपरेही गाळलेले असतात. अर्धा गट एका टाइलमध्ये, अर्धा दुसऱ्यात. त्या तुकड्याचं क्षेत्र काढू नका. टिचकीवरून फक्त गट नंबर घ्या आणि पूर्ण भूमिती सर्व्हरकडून मागवून तिच्यावर मोजा. त्याहून सोपं म्हणजे क्षेत्र एकदाच सर्व्हरवर काढून गटाबरोबर साठवून ठेवा.

कपाशीवाला (जालना)
बरोबर. वाघूळच्या आकाराचा एक गट होता, मध्ये टाइलची रेघ जात होती. दुरुस्त करतो.

मांजराकाठ (लातूर)
काल काकांकडे पुन्हा गेलो. या वेळी पडद्यावर आधी सूचना येते: 'पिकाच्या कडेने रेघ न्या, बांध सोडा.' आणि आकड्याखाली साखळीवाल्या काकांनी सांगितलेलं वाक्य ठळक अक्षरात टाकलंय. आधी तुलनेसाठी बांधाच्या मध्याने काढलं: २ एकर १ गुंठा. काकांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला आणि नुसती मान हलवली. मला तेवढ्याने भरून पावलं.

मग पिकाच्या कडेने काढलं तेव्हा १ एकर ३७ गुंठे. काका म्हणाले, "अन् विहीर? तिच्या कडेला मुरमाचा ढीग हाय, तिथं सोयाबीन नाही, तिथलं औषध कशाला मोजायलास?" आतली जागा वजा कशी करायची?

रेघोटी (परभणी)
आकाराच्या आत दुसरं कडं काढू द्या. जिओजेसनमध्ये बहुभुजाला कड्यांची यादी असते, पहिलं बाहेरचं, पुढची सगळी छिद्रं. प्रत्येक कड्याचा शेवटचा बिंदू पहिल्यासारखाच हवा. २०१६ च्या मानकाप्रमाणे बाहेरचं कडं घड्याळाच्या उलट्या दिशेने आणि छिद्र घड्याळाच्या दिशेने, पण ओपनलेअर्सचं स्फिअर आणि टर्फ दोन्ही छिद्र आपणहून वजा करतात, दिशा कशीही असली तरी. फक्त विहीर वेगळा बहुभुज म्हणून साठवू नका, नाहीतर ती वजा व्हायच्या ऐवजी बेरजेत जाईल.

मांजराकाठ (लातूर)
झालं, ताई. विहीर आणि ढीग मिळून २ गुंठे वजा, उरलं १ एकर ३५ गुंठे. औषध ७५० मिली. शनिवारी फवारणी आहे, काकांच्या रानापासून सुरुवात.